चिन्हांपेक्षा ओळखीचे शब्द जास्त फसवतात

स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांना इंग्रजीतून रसायनशास्त्र शिकवताना आधी मूलद्रव्यांची चिन्हं पाठ करून घ्यावीत, असं काही जण सुचवतात. मला तर तिथं वेळ घालवूच नये असं वाटतं. सोन्याला 'ओरो', तांब्याला 'कोब्रे', शिशाला 'प्लोमो' म्हणणाऱ्या पोराला एयू, सीयू, पीबी फारसं घोकावं लागत नाही, कारण ही चिन्हं लॅटिन नावांवरून आलेली आणि लॅटिन त्याच्या घरातलीच. टंगस्टनचं डब्ल्यूसुद्धा त्यांच्या 'वोल्फ्रामिओ'शी जुळतं. शिवाय हा धातू 1783 साली स्पेनमधल्या बेर्गारात एलुयार बंधूंनीच पहिल्यांदा वेगळा केला. वर्गात हे जरूर सांगा, पोरं खूश होतात.

खरा घोळ सारख्या दिसणाऱ्या शब्दांत. 'कार्बोन' म्हणजे कोळसा, मूलद्रव्य ते 'कार्बोनो'. 'सिलिकोना' म्हणजे भेगा बुजवायचं सिलिकोन, चिपमधलं सिलिकॉन ते 'सिलिसिओ'. आणि 'पुंतो दे फुसिओन' म्हणजे चक्क द्रवणांक, इंग्रजीत 'मेल्टिंग पॉइंट'! तो कळणारा मुलगा प्रश्नपत्रिकेतल्या 'मेल्टिंग'वर अडतो, कारण मेल्ट, बॉन्ड या साध्या इंग्रजी शब्दांना त्याच्या भाषेत जवळचं कुणी नाही. शब्दयादी इथून सुरू करा.

आकड्यांचंही बघा. स्पेनमध्ये नि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी दशांशाला स्वल्पविराम देतात, त्यामुळे 2,500 ग्रॅम म्हणजे अडीच ग्रॅम. मेक्सिकोत मात्र टिंबच. तुमची मुलं नेमकी कुठली आहेत?