शब्दकोडं रचताना : एका घरात 'वि' की 'वी'?

स्वतःचं, कोरं शब्दकोडं रचायला बसलं की पहिली अडचण शोधसूत्रांची नसते, घरांची असते. म्हणून आधी त्याबद्दल लिहितो.

शब्दकोड्याचा जनक मानला जाणाऱ्या आर्थर विनचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापून आलं, ते सव्वीस अक्षरांच्या लिपीत. तिथे तीच मोजकी अक्षरं शब्दाशब्दांत पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे जाळं दाट विणता येतं. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटी-अनुस्वारासकट अख्खं अक्षर बसतं. नुसती बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास पर्याय होतात, जोडाक्षरं वेगळीच. मराठी कोड्यात काळी घरं जास्त दिसतात ती यामुळे. त्यात रचणाऱ्याचा आळस नाही.

त्यात शुद्धलेखन. १९६२च्या नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ: कवी, बुद्धी, गुरू. 'आणि', 'परंतु', 'तथापि' असे थोडे अपवाद. आता 'कवी' आडवा बसवला आणि 'वी'पासून उभा शब्द काढायचा आहे. विहीर, विनोद, विळी, विडा सगळे बाद, कारण ते 'वि'. उरतात वीज, वीट, वीण, वीस असे थोडे. म्हणजे अशा शेवटच्या घरातून शब्द सुरू करायचा तर बराच शब्दसंग्रह हातचा जातो.

'ळ'चं दुखणं निराळं. 'ळ'ने मराठीत शब्द सुरू होत नाही ('ण'चंही तेच, 'णमोकार'सारखे अपवाद सोडले तर). 'कमळ' पहिल्या ओळीत ठेवलं तर 'ळ'खाली काही निघत नाही. तेच एक ओळ खाली सरकवलं की वर 'का', खाली 'जी' आणि उभा शब्द 'काळजी' तयार. 'गोष्ट'मधल्या 'ष्ट'चंही असंच, त्याला 'नष्ट' किंवा 'कष्ट'च्या शेवटीच गाठायचं. त्यामुळे मी अशी अक्षरं आधी उजव्या आणि खालच्या कडेला बसवतो आणि मग आत येतो.

तुम्ही कसं करता? आणि ह्रस्व-दीर्घ एक मानावं का?

प्रतिसाद : मानावं. सोडवणारे बोलण्यात फरक करत नाहीत. 'चिमा काय कामाची' हे पिढ्यान्‌पिढ्या उलटसुलट सारखं म्हणून सांगतात, त्यात 'चि' आणि 'ची' आहेच की! कुणाचं काही अडलं नाही.

प्रतिसाद : पण 'ती होडी जाडी होती' आणि 'रामाला भाला मारा' काटेकोर बसतात, आणि ते वाचताना जो आनंद होतो तो 'चिमा'त होत नाही. माझं मत काटेकोरपणाकडे.

मूळ लेखक : माझंही. सूट द्यायचीच तर जाळ्याच्या वर स्पष्ट लिहावं आणि सगळीकडे तीच पाळावी. एका घरात सूट आणि दुसऱ्यात नाही, हा सोडवणाऱ्यावर अन्याय आहे.

शिवाय हाच नियम कधी हात देतो. 'वारि' म्हणजे पाणी. सुटा लिहिला की नियमाने 'वारी'. मग शोधसूत्र आपसूक सुचतं: *आषाढात पंढरपूरला पोचणारं पाणी (२)*. कंसातला आकडा उत्तरातल्या अक्षरांचा.

पाण्याचंच उदाहरण पुढे नेतो. नुसतं 'पाणी (२)' दिलं तर जल, नीर, तोय, वारी सगळी उत्तरं बरोबर. दाट जाळ्यात आडव्या-उभ्याची गाठ त्यातलं एक निवडून देते. आपल्या विरळ जाळ्यात कित्येक घरांना दुसरा शब्द शिवतच नाही, म्हणून ते काम शोधसूत्रालाच करावं लागतं. मराठीत सरळ अर्थाच्या कोड्यापेक्षा गूढ कोडं, म्हणजे ज्याच्या शोधसूत्रात अर्थासोबत शब्दखेळही दडलेला असतो ते, मला जास्त न्याय्य वाटतं ते यासाठी, कारण त्यात उत्तराला दोन बाजूंनी पुरावा असतो. उदाहरणार्थ: *'राजीव नको' म्हटलं तरी पोटातलं पाणी हललं नाही (३)*. 'राजीव नको'च्या पोटात सलग 'जीवन' आहे, आणि जीवन म्हणजे पाणी. उत्तर सापडलं की शंका उरत नाही.

प्रतिसाद : 'हललं नाही' कशासाठी? वाक्प्रचार पुरा करण्यापुरतंच ना?

मूळ लेखक : नाही, अक्षरं जागची हललेली नाहीत, क्रम तोच आहे, हे त्यातून सांगायचंय. एकही शब्द निव्वळ भरतीचा नसावा, हा आग्रह मी धरतो.

प्रतिसाद : मग हे तपासा: *संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सरकार हातात मागतं (२)*. उत्तर 'कर'. किंक्रांतीला आमच्याकडे कर म्हणतात, सरकारला भरायचा तो कर, आणि हात म्हणजेही कर.

मूळ लेखक : तिन्ही अर्थ खरे, वाक्यही छान वाचतं. फक्त 'हातात'मधली सप्तमी खटकते. उत्तर 'कर' आहे, 'करात' नाही. 'हात' मोकळा, विभक्तीशिवाय यायला हवा. 'सरकारने मागितलेला हात, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी (२)' असं केलं तर?