पीएसए पॅकेजात आहे म्हणून करून घ्यायची का?

नदीकाठचा
दिवाळीत लेकीने 'फुल बॉडी चेकअप' भेट दिलं. लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला. साखर ठीक, कोलेस्टेरॉल ठीक, आणि शेवटच्या पानावर पीएसए (प्रोस्टेट-स्पेसिफिक अँटिजेन, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतलं प्रथिन; जास्त आलं तर कॅन्सरची शंका घेतात) ६.१, शेजारी लाल अक्षरात 'हाय'. वय ५८, लघवीची तक्रार म्हणावी अशी काही नाही. पॅकेजात ही टेस्ट आहे हेच मला माहीत नव्हतं.

पहिल्या डॉक्टरांनी आकडा बघितला आणि थेट बायॉप्सी. एमआरआय नाही, काही नाही. गुदमार्गातून सुई, बारा तुकडे. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून १०३ ताप, चार दिवस सलाइनवर. रिपोर्ट काय? कॅन्सर नाही, वयोमानाने वाढलेली ग्रंथी. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "रक्त दिलंत त्याच्या आधी लघवीला जळजळ होत होती का?" होत होती! कोकणातून आल्यावर आठवडाभर. पाणी कमी प्यायलो म्हणून सोडून दिलं होतं. जंतुसंसर्गाने पीएसए चढतो, आणि संसर्ग गेल्यावरही सहा आठवडे थांबून मग टेस्ट करायची असते, हे मला तेव्हा कळलं.

प्रोस्टेटमधल्या अँटिजेनवर १९७० साली काम केलेल्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सरसकट पीएसए तपासणीवर कडाडून टीका केली होती. माझं मत: लक्षण नसेल तर या भानगडीत पडू नये.

वडाखालचा
काका, तुमचा त्रास खरा, निष्कर्ष चुकीचा. माझा मोठा भाऊ, ६४ वर्षांचा. कंबर दुखते म्हणून सहा महिने बाम, शेक, मालिश. लघवी अगदी व्यवस्थित. शेवटी पीएसए केली तर चार आकडी, आणि बोन स्कॅनमध्ये मणक्यावर ठिकठिकाणी काळे डाग.

'लक्षण आल्यावर बघू' यातच फसगत आहे. लघवीची धार बारीक होते, रात्री चारदा उठावं लागतं, ते बहुतेकदा ग्रंथीचा आतला भाग वाढून मूत्रनलिका दाबल्यामुळे. कॅन्सर जास्त करून बाहेरच्या भागात सुरू होतो. तिथे तो वर्षानुवर्षं गुपचूप बसतो. बायडेन यांचंच बघा. मे २०२५ मध्ये निदान झालं तेव्हा हाडांत पसरलेला होता. शेवटची ज्ञात पीएसए २०१४ ची!

आकडेमोड्या
बायडेन २०१४ साली सत्तरी ओलांडलेले होते. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०१२ मध्ये 'कुणीच करू नका' म्हटलं होतं. २०१८ मध्ये ते बदलून '५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा, सत्तरीनंतर नको' असं केलं. म्हणजे थांबले ते नियमाला धरूनच.

युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे २३ वर्षांचे आकडे २०२५ मध्ये आले. तपासणीला बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कॅन्सरचे मृत्यू १३ टक्के कमी. एक मृत्यू टाळायला ४५६ जणांना बोलवावं लागलं. फायदा आहे, पण छातीठोकपणे सांगावा एवढा नाही.

दुसरा अभ्यास ब्रिटनमधला, १६४३ पुरुषांचा. कॅन्सर ग्रंथीतच असताना सापडलेले. कुणाची शस्त्रक्रिया, कुणाला रेडिएशन, कुणावर नुसती नजर ठेवलेली. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले जेमतेम ३ टक्के. दोष टेस्टचा नाही, आकडा दिसताच सुई उचलणाऱ्या हातांचा आहे.

नदीकाठचा
'नुसती नजर ठेवायची' हे वाचायला सोपं हो. इथे रिपोर्ट लॅबवाला लाल करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, लेक रडत फोन करते, आणि 'कॅन्सर असू शकतो' ऐकल्यावर घरातलं कोण गप्प बसतं? तुमच्या ४५६ मध्ये त्या रात्री धरल्यात का?

सोलापूरची सून
बायकांनी बोलू नये असा विषय नाही ना? कारण आमच्याकडे तारखा, गोळ्या, फायली सगळं मीच बघते.

सासऱ्यांना प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड चालू आहे. पीएसए २.८, सगळे खूश. युरोलॉजिस्ट म्हणाले, ही गोळी काही महिने घेतली की आकडा साधारण निम्मा होतो, म्हणजे तुमचा ५.६ धरा. लॅबमध्ये एकानेही औषध विचारलं नव्हतं. उलट बाजूनेही फसवतो हा आकडा.

आणि गुदमार्गातून बोटाने प्रोस्टेटची तपासणी? डॉक्टरांनी हातमोजा चढवायला घेतला तसे मामंजी उठले आणि पायजम्याची नाडी घट्ट करून चालू लागले. चाळीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस! दोन मिनिटांची तपासणी नको, पण दोन हजारांचं पॅकेज चालतं.

वडाखालचा
ताई, आमच्या दादाचंही तेच. "तसलं काही करायचं नाही."

काका, त्या रात्री मी नाकारत नाही. पण आमच्याकडे दर तीन महिन्यांनी इंजेक्शन आहे, आणि तेही आता किती दिवस लागू पडेल सांगत नाहीत. पन्नाशीला एकदा, वडील-भावाला असेल तर त्याआधीच, एवढं तरी करा. मी ४७ ला केली. ०.९.

आकडेमोड्या
घरात इतिहास असेल तर माझाही विरोध नाही. फक्त आकडा जास्त आला तर आधी टेस्ट परत, मग एमआरआय, मग गरज पडली तर सुई. आणि रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल नको, वीर्यस्खलनही नको. हे कुठल्याच पॅकेजच्या जाहिरातीत लिहीत नाहीत.

वडाखालचा
काका, एक विचारू? दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात, मग पुढे काय केलंत?

नदीकाठचा
तीन महिन्यांनी परत पीएसए केली. २.३.
पण ती डॉक्टरांनी चौकशी करून लिहून दिली होती. पॅकेजात नव्हती.