पर्यटकांच्या शहरात राहणाऱ्यांनी तक्रार करायचीच नाही का?

जुना_भाडेकरू

लोक तिकिटं काढून ज्या शहरात फिरायला येतात, तिथे मी कायमचा राहतो. शहराचं नाव देत नाही. दिलं की धागा 'आम्हीही गेलो होतो, काय सुंदर!' या वळणाला लागेल. सुंदर आहेच, त्याबद्दल वाद नाही.

तक्रार केली की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, तुमचं पोट त्यांच्यावरच चालतं. दोन, एवढा त्रास होतो तर दुसरीकडे जा. पहिलं अर्धं खरं आहे. दुसरं तर आपोआप घडतंच आहे, म्हणून हा धागा काढला.

गर्दीचं मला फारसं काही वाटत नाही. कुठला रस्ता किती वाजता टाळायचा हे काही महिन्यांत पायांनाच कळतं. फोटो काढणाऱ्यांच्या मागून वाकून जायचीही सवय होते. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. शहरातली एकेक गोष्ट दोन रात्री राहणाऱ्या माणसाच्या सोयीने मांडली जाते. चप्पल शिवणारा उठतो आणि तिथे फ्रीजवर चिकटवायच्या शोभेच्या वस्तू येतात. नळाचा वायसर आणायला दोन बस बदलाव्या लागतात. मग घरमालक हिशेब मांडतो की वर्षभराच्या भाडेकरूपेक्षा चार-चार दिवसांचे पाहुणे परवडतात. भाडेकरू गेला की त्याची पोरं गेली, पोरं गेली की शाळेतली तुकडी बंद, आणि तुकडी बंद झाली की उरलेली कुटुंबंही बोऱ्याबिस्तरा आवरतात.

बार्सिलोनात पार्क ग्वेल या पर्यटकांच्या आवडत्या बागेच्या परिसरात ११६ क्रमांकाची छोटी बस फिरते. पर्यटक इतके चढायचे की तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना जागाच मिळेना. २०२४ मध्ये तो मार्ग गूगल मॅप्सवरून काढून टाकायला लावला, तेव्हा कुठे बसायला मिळू लागलं. आपल्या दारातली बस जगापासून लपवून ठेवायची वेळ आली, बघा.

माझं मत: राहत्या वस्तीतली घरं पाहुण्यांना देण्यावर कडक बंधनं हवीत. बोला.

सरळ_रेषा

असहमत. व्हेनिस रिकामं झालं, पर्यटकांनी खाल्लं, हे उदाहरण आता येईलच, म्हणून मीच आधी घेतो.

१९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या बेटांवरच्या शहरात सुमारे पावणेदोन लाख लोक राहत होते. २००९ मध्ये आकडा ६० हजारांखाली गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी शहराची लुटुपुटीची अंत्ययात्रा काढली होती. २०२२ मध्ये तो ५० हजारांच्याही खाली आला. आता घरं पाहुण्यांना द्यायचं ॲप, एअरबीएनबी, सुरू कधी झालं? २००८ मध्ये. म्हणजे लाखाहून जास्त माणसं ॲपवरून घरं द्यायची सोय येण्याआधीच निघून गेली होती. ओल, १९६६ चा मोठा पूर, गाडी दारात आणता येत नाही, सामान पुलांवरून चढवायचं. समोर जमिनीवर मेस्त्रेमध्ये लिफ्टच्या इमारती आणि जवळच कारखान्यांतली कामं. माणूस सोयीकडे जातो. तुम्ही-आम्हीही गेलो असतो.

दुसरं म्हणजे तुमचं घर पाहुण्यांना देणारा कोण? पर्यटक नव्हे, तुमच्याच गल्लीतला मालक. त्याने स्वतःच्या मिळकतीतून चार पैसे कमवायचे नाहीत आणि तुम्ही मात्र जुन्या भाड्यात राहायचं, हा कुठला न्याय?

मुंगी_साखरेची

आपण सगळेच सुट्टीत कुणाच्या तरी शहरात जाऊन गर्दी करतो. मग घरी येऊन दुसऱ्यांच्या गर्दीला नावं ठेवतो. गंमत आहे.

जुना_भाडेकरू

@मुंगी, गर्दीला मी नावं ठेवलीच नाहीत, वर वाचा.

@सरळ_रेषा, पूर्वी लोक का गेले याचा तुमचा हिशेब मान्य. प्रश्न पुढचा आहे. पूर्वी माणूस गेला तरी घर उरायचं आणि परत कुणी यायचं म्हटलं तर जागा होती. आता ते घरच परत मिळत नाही. व्हेनिसमधल्या नागरिक-गटांनी ठेवलेल्या मोजणीनुसार २०२३ मध्ये तिथे पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. ज्याला यायचं आहे, त्याने पथारी टाकायची कुठे?

आणि मालकाबद्दल बोललात ते बरं झालं. माझाही रोख तिकडेच आहे. जुलै २०२४ मध्ये बार्सिलोनातल्या पर्यटनाविरुद्धच्या मोर्चात लोकांनी बाहेर बसून जेवणाऱ्या पर्यटकांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवलं. मला ते पटलं नाही. घरं पाहुण्यांना द्यायचे परवाने सुट्टीवर आलेल्या माणसाने वाटले नव्हते.

निळी_छत्री

मी याच धंद्यात आहे. छत्री उंच धरून पुढे चालणारी आणि मागे पंचवीस जण, ती मी. त्यामुळे माझं मत एकांगी धरा हवं तर.

तुम्हा दोघांनाही २०२० आठवत नाही असं दिसतंय. २०१९ मध्ये जगभरात सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय प्रवासी होते, पुढच्या वर्षी ४० कोटींच्या आसपास. शांत गल्ल्यांचे सुंदर फोटो सगळीकडे फिरत होते, शहर रहिवाशांना परत मिळालं म्हणे! त्या शांत गल्ल्यांत आम्ही दागिने गहाण ठेवत होतो. गाइड, चादरी धुणारे, सामान वाहणारे, हॉटेलातले पोरगे, हे रहिवासी नाहीत का? तुमच्या 'स्थानिक'मध्ये आम्हाला धरत नाही बहुतेक.

पण सगळे पाहुणे सारखे नसतात, हेही धंद्यातलीच सांगते. चार दिवस राहणारा माणूस हळूहळू फिरतो, दोनदा त्याच ठिकाणी जातो, आम्हालाही नीट काम देतो. मोठ्या जहाजातून सकाळी उतरलेले हजारो लोक जेवतात जहाजावर, झोपतात जहाजावर, शहरात येतात ते फोटो काढायला आणि स्वच्छतागृह शोधायला. कचरा आमचा, कमाई जहाज कंपनीची. क्रोएशियातल्या डुब्रोवनिकने २०१९ पासून एका दिवसाला दोनच जहाजं असं धोरण धरलं. इटलीच्या सरकारने ऑगस्ट २०२१ पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यात यायला बंदी घातली. २०२४ पासून तिथे गाइडमागे २५ च माणसं, आणि लाउडस्पीकर बंद. पंचवीसवर माझी काही तक्रार नाही, तेवढ्यांनाच जेमतेम ऐकू जातं.

अधिक_उणे

बंधनांच्या भरवशावर असणाऱ्यांसाठी दोन गोष्टी.

न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून कडक कायदा लागू केला. तीस दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी हवी, यजमान त्याच घरात हजर हवा, पाहुणे दोनच. जाहिराती धडाधड गायब झाल्या. भाडेकरूंना स्वस्ताई आली का? तसं काही दिसलं नाही. हॉटेलवाल्यांची मात्र चांदी झाली.

बार्सिलोनाचे महापौर जाउमे कोल्बोनी यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केलं की पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू ठेवायचे नाहीत. दहा वर्षांत भाडी ६८ टक्क्यांनी वाढली, हे त्यांचं कारण. ती सगळी घरं उद्या भाडेकरूंना मिळाली तरी सोळा लाखांच्या शहरात दहा हजार घरं म्हणजे किती? नवीन घरं बांधल्याशिवाय हे गणित सुटत नाही. पर्यटकांवर खापर फोडणं सोपं, कारण त्यांना मत नसतं.

सरळ_रेषा

+१. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

जुना_भाडेकरू

@अधिक_उणे, सोळा लाखांनी भागून चालणार नाही. ती घरं शहरभर सारखी पसरलेली नसतात, ठरावीक मोहल्ल्यांत दाटलेली असतात. शहराच्या सरासरीत थेंबभर दिसणारी गोष्ट एखाद्या इमारतीत आठापैकी पाच घरं असते. उरलेल्या तिघांनी रात्री दोन वाजता चाकांच्या बॅगा जिन्यावरून आपटताना ऐकायच्या आणि लिफ्टच्या दुरुस्तीला सही मागायला मालक शोधत फिरायचं. नवीन घरं बांधा, जरूर बांधा. पण ती शहराच्या कडेला होतात, जुन्या मोहल्ल्यात नाही.

@निळी_छत्री, २०२० चं बरोबर आहे, आणि तुम्ही तर आधी स्थानिक. म्हणूनच विचारतो, तुमच्या सोबतच्या गाइडांपैकी किती जण अजून शहराच्या मध्यात राहतात?

निळी_छत्री

जवळपास कुणीच नाही. दीड तास प्रवास करून येतात आणि पाहुण्यांना 'आमचं शहर' म्हणून दाखवतात. मीही वडिलांचं घर आहे म्हणूनच आहे. आणि त्या घरातली वरची खोली मी पाहुण्यांना देते, हेही सांगून टाकते. त्या खोलीवर आईच्या औषधांचा खर्च निघतो. तुमच्या कडक बंधनांत तिचं काय?

जुना_भाडेकरू

ती चालू राहावी. मालक त्याच घरात राहतो आणि एखादी खोली देतो, त्याला सूट. अख्खं घर द्यायचं तर ॲमस्टरडॅमने २०१९ पासून वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली, तसं काही. फास आवळायचा तो एकाच्या नावावर चाळीस घरं असतात त्याच्याभोवती.

सरळ_रेषा

आणि रात्री मोजणार कोण? दारोदार शिपाई पाठवणार का?

जुना_भाडेकरू

शिपाई कशाला? जाहिरातीवर नोंदणी क्रमांक सक्तीचा करायचा आणि किती रात्री घर भरलं हे ॲपवाल्या कंपनीनेच सरकारला कळवायचं. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी नियमच केला आहे.

निळी_छत्री

नोंदणीला माझी हरकत नाही. फक्त एक बघा. चाळीस घरंवाल्याकडे असले कागद भरायला पगारी माणूस असतो. मी दिवसभर छत्री धरून पाय तुटेस्तोवर चालून येते आणि मग रात्री आईच्या मोबाइलवर ओटीपी शोधते. पहिली नोटीस कुणाला येईल, तुम्हीच सांगा.