डब्यातलं कॅरमेल चॉकलेट: खाऊ म्हणा, दूध म्हणू नका

पानसुपारी
मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर परवा एका आईने लिहिलं, "आमची दूध पीत नाही, म्हणून मी मधल्या सुट्टीला कॅरमेल भरलेलं चॉकलेट देते. त्यात दूधच असतं." बऱ्याच जणींना ते पटलं. मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

माझ्यासमोर अशाच एका ४० ग्रॅमच्या बारचं रॅपर आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. यात पहिली साखर, मग लिक्विड ग्लुकोज (हाही गोड पाकच), मग वनस्पती तेल, त्यानंतर दुधाची पावडर. कोको आणखी मागे. १०० ग्रॅमला सुमारे ४८० कॅलरी, ५५ ग्रॅम साखर, २० ग्रॅम फॅट (त्यातलं १२ संपृक्त, म्हणजे हृदयासाठी कमी खावं असं) आणि प्रथिनं फक्त ४ ग्रॅम. या जातीची बहुतेक चॉकलेटं थोड्याफार फरकाने इथेच येतात.

आता पूर्ण बारचा हिशोब करा. साखर २२ ग्रॅम, प्रथिनं दीड ग्रॅमच्या जरा वर. कपभर दुधात, म्हणजे २०० मिलीत, सहा ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात. तेवढी या बारमधून हवी असतील तर पोराला चार बार द्यावे लागतील, आणि सोबत ८८ ग्रॅम साखर पोटात जाईल.

सगळ्यात जास्त राग येतो तो 'प्रति सर्व्हिंग' या रकान्याचा. इथे सर्व्हिंग २० ग्रॅमची धरली आहे, म्हणजे अर्धा बार. अर्धा बार खाऊन उरलेला गुंडाळून ठेवणारं आठ वर्षांचं मूल कुणी पाहिलंय का? त्या रकान्यात साखर ११ ग्रॅम दिसते आणि आईबाप निश्चिंत होतात.

गडवाट
ताई, आकडे बरोबर आहेत, पण रोख चुकतोय. ४८० कॅलरी हा दोष कधीपासून झाला? हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढताना मला कमी वजनात जास्त ताकद देणारंच काहीतरी सॅकमध्ये हवं असतं. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, साखरेच्या एका ग्रॅमला ४. म्हणून तर हा पदार्थ एवढा दाट.

दुसरं म्हणजे, पेढा, बर्फी, चिक्की खाल्ली की आपण संस्कृती जपतो आणि चॉकलेट खाल्लं की पोर बिघडतं, हे काय? लोणावळ्याहून येताना किलोकिलोने चिक्की आणणारे लोक माझ्या घरात आहेत. त्यांना कोणी लेबल वाचायला सांगत नाही.

अंबाडी
गडवाट, चिक्कीचं नाव काढलंत ते बरं केलंत. निम्मे दाणे आणि निम्मा गूळ धरू, ४० ग्रॅमचा तुकडा. २० ग्रॅम दाण्यांच्या साधारण ११३ कॅलरी, २० ग्रॅम गुळाच्या ७५-७७. झाल्या १९०. तुमच्या बारच्याही १९२! कॅलरीत दोघं भाऊ-भाऊ.

पण त्या २० ग्रॅम दाण्यांतून ५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, म्हणजे बारच्या तिप्पट. शिवाय शेंगदाण्यातलं फॅट बहुतांशी असंपृक्त. म्हणून नुसत्या कॅलरी बघून दोन पदार्थ एका रांगेत बसवणं मला मान्य नाही. गूळ मात्र साखरच आहे, त्याला फार चढवून ठेवायचं कारण नाही. आणि बाजारातल्या बऱ्याच चिक्क्यांत हल्ली लिक्विड ग्लुकोज असतं, तेव्हा तिथेही पाकीट उलटून बघा.

गडवाट
हे मान्य. पण मग सरळ म्हणा की साखर मोजा. एकट्या चॉकलेटला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

पानसुपारी
साखरच मोजतेय. आपल्याकडे लेबलवरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम वरून घातलेली साखर धरून काढतात, आणि ती २००० कॅलरी खाणाऱ्या मोठ्या माणसासाठी. आठ वर्षांचं पोर एवढं खातं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं की अशी साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, ५ टक्क्यांच्या आत आली तर आणखी चांगलं. मोठ्यांसाठी ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका बारमध्ये ती जवळपास संपली, आणि सकाळचा चहा-बिस्किटं अजून धरलेलीच नाहीत.

पेढा तुम्ही वर्गात मधल्या सुट्टीत रोज खात नाही. हे रोज खाल्लं जातं, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये चॉकलेटवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे परवडतंही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकायला २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे. तेच आपण डब्यातून आत पाठवतो.

दाढ
मी दातांची डॉक्टर आहे. तुम्ही सगळे किती खाल्लं यावर भांडताय, पण कधी आणि किती वेळा खाल्लं हे दातांच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं आहे.

स्वीडनमध्ये लुंडच्या व्हिपेहोल्म रुग्णालयात १९४५ ते १९५३ या काळात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घातल्या आणि त्यांचे दात किडू दिले. त्यांची संमती कोणी घेतली नव्हती. तो प्रयोग अमानुष होता, हे आधी सांगते. त्यातून कळलं ते असं: जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने कीड फारशी वाढली नाही, दोन जेवणांच्या मधे खाल्लेल्या चिकट गोडाने ती झपाट्याने वाढली. स्वीडनमध्ये मुलांना फक्त शनिवारी गोड देण्याची रीत आहे, तिचं मूळ यात आहे.

कॅरमेल दाढेच्या खाचेत बसतं आणि विरघळायला वेळ घेतं. तोंडातलं आम्ल निवायला लाळेला अर्धा-पाऊण तास लागतो. मधल्या सुट्टीनंतर मूल चूळही न भरता वर्गात बसतं. अंबाडी, चिक्कीही याच खाचेत बसते, तिला सूट नाही.

निळावंती
विषय थोडा वेगळा, पण विचारते. वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. साखर एकदम उतरली तर म्हणून ते खिशात कॅरमेल चॉकलेटच ठेवतात. चालेल ना?

अंबाडी
पहिला उपाय म्हणून नको. चॉकलेटमधल्या फॅटमुळे पोट उशिरा रिकामं होतं आणि साखर रक्तात उशिरा चढते. अशा वेळी मिनिटं मोलाची असतात. खिशात ग्लुकोजची पावडर ठेवू द्या. साधारण १५ ग्रॅम पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्यांच्या डॉक्टरांकडून प्रमाण नक्की करून घ्या. आणि शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

गडवाट
हे मला माहीत नव्हतं, आमच्या ट्रेकच्या औषधाच्या पेटीत ग्लुकोज घालतो. बाकी माझं मत कायम आहे. दिवसभर मैदानात धावणाऱ्या पोराला आठवड्यातून एकदा बार मिळाला तर त्यावर एवढा धागा काढायची गरज नाही.

पानसुपारी
आठवड्यातून एकदा असेल तर माझीही हरकत नाही, जेवणानंतर लगेच द्या आणि चूळ भरायला लावा. माझं भांडण रोजच्या डब्याशी आहे. दूध आवडत नसेल तर दही द्या, पनीरचा पराठा द्या, नाचणीचं धिरडं द्या. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. त्या आईलाही मी हेच लिहून पाठवलंय. दही चालतं का बघते म्हणाली.