सात वर्षांच्या मुलीला पाळी लांबवण्याची इंजेक्शनं द्यावीत का?

पल्लवी_बार्शी

नमस्कार. माझी मुलगी साडेसात वर्षांची, दुसरीत आहे. दिवाळीत तिला उटणं लावताना डाव्या छातीखाली सुपारीएवढी गाठ हाताला लागली. दाबलं की दुखतं म्हणाली. थोड्या दिवसांनी उजवीकडेही तसंच. वर्षभरात उंची आठ सेंटीमीटर वाढली होती, घरात सगळे कौतुक करत होते.

सोलापूरला दाखवलं. डाव्या हाताचा एक्स-रे, रक्त, पोटाची सोनोग्राफी झाली. हाडांचं वय दहा निघालं, एलएच (वयात येताना वाढणारं हार्मोन) वाढलेलं आहे आणि गर्भाशयही वयाच्या मानाने मोठं दिसतंय. डॉक्टर म्हणतात, दर तीन महिन्यांनी ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन, साधारण अकरा वर्षांची होईपर्यंत.

सासूबाईंचं म्हणणं, निसर्गाच्या आड येऊ नये. मिस्टर विचारतात, पुढे मूल व्हायला अडचण आली तर? दूध-चिकनमधल्या हार्मोनमुळे असं होतं म्हणून ते घरात बंदच झालंय. मला एकच दिसतं: हिला तिसरीत पाळी आली तर शाळेच्या बाथरूमला धड कडीसुद्धा नाही. कुणी हे केलं असेल तर खरंखरं सांगा.

मीनल_नाशिक

पल्लवी, माझ्या मुलीला सातव्या वर्षी सुरू केलं, अकराव्या वर्षी थांबवलं. आता ती नववीत आहे. त्यामुळे सुरुवातीपासून शेवटापर्यंत सगळं पाहिलंय.

आधी इंजेक्शनबद्दल. ती औषधाची भुकटी असते, सोबतच्या द्रवात कालवून लगेच द्यावी लागते. कालवून ठेवली तर खाली बसते आणि सुई तुंबते. म्हणून ज्या सिस्टरना याची सवय आहे त्यांच्याकडूनच घ्या, गल्लीतल्या दवाखान्यात नको. आम्ही मांडीत घ्यायचो. दुखतं, दुसऱ्या दिवशी चालताना पाय ओढते. त्या दिवशी शाळेचा पीटीचा तास मी बंद ठेवायचे.

पहिल्या डोसनंतर घाबरू नकोस. हे औषध आधी थोडे दिवस हार्मोन वाढवतं आणि मग दाबतं. माझ्या मुलीला पहिल्या इंजेक्शननंतर अंगावरून रक्त गेलं, दोनतीन दिवस. मला डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं म्हणून मी शांत राहू शकले. तूही घरात आत्ताच सांगून ठेव, नाहीतर सासूबाई त्याच दिवशी बंद करायला लावतील.

मग छाती हळूहळू मऊ पडली, दुखणं गेलं. उंचीचा वेग मात्र कमी होतो. आमच्याकडे वर्षाला पाचच्या आसपास आला आणि नातेवाईक म्हणू लागले, बघा, पोरीची वाढ खुंटवली. असं नसतं गं. हाडांची टोकं जुळली की उंची थांबते, ती लवकर जुळू नयेत म्हणूनच तर हा वेग आवरायचा. दर खेपेला उंची-वजन आयएपीच्या (बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेच्या) तक्त्यावर मांडून घे आणि तो कागद स्वतःजवळ ठेव.

पाळी म्हणशील तर थांबवल्यावर साधारण सव्वा वर्षाने आली. नियमित आहे.

आणि मुलीला सांग. माझं हे मत अगदी पक्कं आहे. घरात सगळे कुजबुजतात आणि दर तीन महिन्यांनी सुई टोचतात, तर पोरीला वाटतं आपल्याला काहीतरी वाईट झालंय. मी एवढंच सांगितलं होतं: तुझं शरीर थोडं आधी मोठं व्हायला लागलंय, तुझ्या मैत्रिणींबरोबर व्हावं म्हणून हे औषध आहे. तिला तेवढं पुरलं. वर्गशिक्षिकेलाही एकांतात सांग आणि दप्तरात एक पॅड आणि जास्तीची चड्डी ठेव.

रणजित_कोल्हापूर

माझ्या मुलग्याला सहाव्या वर्षीच लव आली, आवाज जाड झाला. मुलग्यांत नऊच्या आधी असं झालं तर मेंदूचा एमआरआय करतातच, कारण त्यांच्यात मागे काहीतरी कारण सापडण्याची शक्यता जास्त. आमच्याकडे मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाजवळ हॅमार्टोमा, म्हणजे एक गाठ निघाली. ती रात्र कशी काढली ते आमचं आम्हाला माहीत. पण ती कॅन्सरची गाठ नव्हे, पसरत नाही. ऑपरेशन लागलं नाही, हीच इंजेक्शनं चालू आहेत. ताई, तुमच्या मुलीला एमआरआय लागेल का, हे डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

डॉ_बालरोग_संभाजीनगर

सगळ्याच मुलींना हे इंजेक्शन लागत नाही. नुसती छाती वाढली, हाडांचं वय बरोबर आहे आणि वेग मंद आहे, तर आम्ही चार-सहा महिने फक्त लक्ष ठेवतो. अंतिम उंचीचा सर्वात जास्त फायदा सहा वर्षांच्या आत वयात येऊ लागलेल्यांना होतो. सहा ते आठमध्ये मूल पाहून ठरवावं लागतं. इथे हाडं अडीच वर्षं पुढे आहेत, एलएच वाढलेलं आहे, त्यामुळे सुचवलेला उपचार मला योग्य वाटतो. उपचाराने आणि उपचाराविना उंची किती होईल याचा अंदाज तुमच्या डॉक्टरांकडून मागून घ्या. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा.

मिस्टरांच्या शंकेबद्दल: मेंदूतून वयात येण्याचा संदेश साधारण दर तास-दीड तासाने थांबून थांबून येतो, तेव्हाच पिच्युटरी (मेंदूखालची हार्मोन सोडणारी ग्रंथी) काम करते. औषध तोच संदेश अखंड देत राहतं, म्हणून ती प्रतिसाद देणं बंद करते. अंडाशयाला इजा होत नाही. औषध थांबवलं की साखळी पुन्हा सुरू होते. ही औषधं 1980 च्या दशकापासून वापरात आहेत, ती घेतलेल्या मुली आज आया झालेल्या आहेत. उपचार चालू असताना हाडांची घनता थोडी मागे राहते, नंतर भरून निघते. म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि मैदानावर खेळणं हवं. दूध मुळीच बंद करू नका. गाई-म्हशींना टोचलेलं ऑक्सिटोसिन दुधात उतरलं तरी पोटात पचून जातं, त्याने मुली वयात येत नाहीत. जास्त वजन मात्र मुलींना लवकर वयात आणू शकतं.

पल्लवी_बार्शी

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचं उत्तर मिस्टरांना वाचून दाखवलं. दूध आज सकाळपासून पुन्हा सुरू. एक विचारू? मे महिन्यात आम्ही गावी असतो, डोस आठवडाभर पुढेमागे झाला तर चालतं का?

मीनल_नाशिक

पुढे ढकलू नकोस. उशीर झाला की हार्मोन परत डोकं वर काढतात आणि पहिल्या डोसनंतरचा तो हार्मोन वाढण्याचा टप्पा पुन्हा येऊ शकतो. जायच्या आधीच घेता येईल का ते डॉक्टरांना फोन करून विचार. औषध आदल्या आठवड्यातच मेडिकलवाल्याला सांगून मागवून ठेव, आमच्याकडे ते ऐनवेळी कधीच मिळालं नाही. आणि खोक्यावर लिहिलंय त्याच तापमानात ठेव, बार्शीच्या उन्हात बाहेर राहू देऊ नकोस.