मदत हवी आहे : हार्ड डिस्क जोडली की संगणकच सुरू होत नाही

नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहतो. गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात वीज दोन-तीनदा गेली-आली आणि डेस्कटॉप बंद पडला. एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) जळाला होता, तो नवा बसवला. पण जुनी १ टीबीची साडेतीन इंची हार्ड डिस्क जोडली की पंखा क्षणभर हलतो आणि सगळे बंद होते, आणि तिची पॉवर केबल काढली की संगणक दुसऱ्या डिस्कवर व्यवस्थित चालतो. डेटा केबल बदलून पाहिली, मित्राच्या संगणकालाही जोडून पाहिली. तिथेही तेच झाले. डिस्कचा आवाज येत नाही, हाताला थरथरही जाणवत नाही.

डिस्क दुसरी घेता येईल. तिच्यात मात्र वडिलांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवरून काढलेली छायाचित्रे आहेत, आणि वडील आता नाहीत. दुसरी प्रत मी ठेवली नाही.

एका दुकानदाराने त्याच मॉडेलच्या डिस्कचा सर्किट बोर्ड हिला लावण्याचा सल्ला दिला. दुसरा झाकण उघडून पाहू म्हणाला, ते मी होऊ दिले नाही. बोर्ड बदलावा का, की आधी आणखी काही तपासावे?

प्रतिसाद :

झाकण उघडू दिले नाहीत, हे फार चांगले केलेत. बोर्डही तूर्त बदलू नका. अलीकडच्या डिस्कच्या बोर्डावरील रॉममध्ये (वीज गेली तरी नोंदी जपणाऱ्या चिपमध्ये) त्या एकाच डिस्कच्या जुळणीच्या नोंदी असतात, त्यामुळे मॉडेल तेच असले तरी त्या नोंदी नव्या बोर्डावर नेल्याशिवाय सहसा उपयोग होत नाही.

लक्षणांवरून मला टीव्हीएस डायोडचा संशय येतो. जादा व्होल्टेज आले की हा डायोड स्वतः शॉर्ट होऊन बाकीचा बोर्ड वाचवतो, आणि मग शॉर्ट सर्किट जाणवून एसएमपीएस स्वतःला बंद करून घेतो. डिस्क सुटी ठेवून पॉवर कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या (१३ ते १५) आणि ५ व्होल्टच्या (७ ते ९) पिना ग्राउंडशी मल्टीमीटरने तपासा. रोध शून्याजवळ आला, तर मोबाइलचे बोर्ड दुरुस्त करणाऱ्या कुशल कारागिराकडून त्या बाजूचा डायोड तपासून, तोच शॉर्ट निघाला तर तेवढाच काढून घ्यावा. त्याच्याविना डिस्क चालते, परंतु संरक्षण उरत नाही; म्हणून खात्रीच्या एसएमपीएसवर, शक्यतो यूपीएस लावून, सर्वांत आधी छायाचित्रे उतरवून घ्यावीत. मोटर फिरून टकटक आवाज येऊ लागला, तर ताबडतोब वीज बंद करून डिस्क डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेकडेच पाठवावी.