शब्दचर्चा : अवकाशातल्या मुगाला ‘मोड’ आले की ‘अंकुर’ फुटले?

खानापूरकर : २०२५ च्या ॲक्सियम-४ मोहिमेत शुभांशु शुक्लांबरोबर धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या प्रयोगातले मूग आणि मेथी अंतराळ स्थानकात गेले. कन्नडमध्ये ‘मोळके’ म्हटलं की काम भागतं. आपल्या मराठी लेखात मोड लिहावं, कोंब की अंकुर? आणि ‘जीन एक्स्प्रेशन’ला, म्हणजे जनुक किती कामाला लागलं त्याला, काय म्हणावं?

निपाणीकर : मुगाला मोडच. भिजवून फडक्यात बांधलेल्या कडधान्याला येतात ते मोड. आधी बाहेर पडतो तो पांढरा शेपटा म्हणजे मूळ, शास्त्रात मूलांकुर. कोंब वर जातो. उसाच्या डोळ्याला, हळदीच्या गड्ड्याला फुटतो तो. इथे तर मोड अंतराळवीरांच्या खाण्यात आणता येतील का हेच पाहायचं होतं, तेव्हा ‘अंकुर’ उगाच सोवळा वाटतो. इस्रोच्या चवळीचं मात्र वेगळं. ३० डिसेंबर २०२४ ला पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटवरून ८ बिया गेल्या, चार दिवसांत रुजल्या, पुढे दोन पानं आली. तिथे ‘बी रुजलं, रोप झालं’ म्हणा. ‘मोड’ म्हटलं तर पानं कुठे गेली?

हुक्केरीकर : एक्स्प्रेशनला ‘जनुक-अभिव्यक्ती’ रूढ आहे, पण वाचकाला आधी अभिव्यक्तिस्वातंत्र्य आठवतं! ‘जनुक चालू झालं’ चालेल का?

बेळगावकर : अर्धवट चालेल. जनुक म्हणजे दिव्याचं बटण नव्हे, पाटाच्या पाण्यासारखं कमी-जास्त होतं. मोजतात ते त्याच्यावरून उतरलेल्या आरएनएच्या, म्हणजे जनुकातल्या संदेशाच्या नकलेच्या, प्रती. म्हणून पहिल्यांदा ‘अभिव्यक्ती (जनुकावरून आरएनएच्या प्रती किती निघतात ते)’ असं लिहावं, पुढे ‘जनुकाचा जोर वाढला’ पुरे.

या प्रती फार नाजूक. रोप कापलं तरी पेशी काही वेळ कामात असतात, आणि आरएनए तोडणारी विकरं (एन्झाइम) सगळीकडे, बोटांवरसुद्धा. म्हणून स्थानकातच मोड उणे ८० अंशांच्या आसपास गोठवतात किंवा आरएनए टिकवणाऱ्या द्रावात बुडवतात. वाटेत वितळले तर मोजमापच चुकतं. याला ‘जतन’ म्हणू नका, लोणचं वाटेल. ‘गोठवून थांबवणे’ म्हणा.

धारवाडकर : ‘शून्य गुरुत्व’ टाळा. ४०० किलोमीटरवर गुरुत्व जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असतं. स्थानक पृथ्वीभोवती फिरताना सतत पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही. ‘सूक्ष्मगुरुत्व’ बरा.

शिवाय ‘गुरुत्व नसल्याने जनुक बदललं’ असं बेधडक लिहू नये. तिथे पाणी निथळत नाही, बीभोवती पातळ थर धरून बसतं. गरम हवा वर जात नाही, त्यामुळे प्राणवायूही हळूच पोचतो. बी गुदमरतं. मग अल्कोहोल डिहायड्रोजनेजचं, म्हणजे प्राणवायू कमी पडला की लागणाऱ्या विकराचं, जनुक जोर धरतं, जसं ते तळ्यासारखं पाणी साचलेल्या शेतातल्या मुळांत धरतं. दोष पाण्याचा आणि नाव गुरुत्वाचं. म्हणून जमिनीवर तशाच डबीत, तेवढंच पाणी आणि तेच तापमान देऊन जोडीचा प्रयोग लावतात. इंग्रजीत तो ‘कंट्रोल’. त्याला ‘तुलनेचा प्रयोग’ म्हणा, ‘नियंत्रण’ नको.

खानापूरकर : आणि मूळ वाकडंतिकडं जातं त्याला? ‘दिशाहीन’?

धारवाडकर : नको. जमिनीवर मुळाच्या टोपीतले पिष्टकण खाली बसतात, त्यावरून ऑक्झिन हे वाढीचं संप्रेरक खालच्या बाजूला जास्त जातं, तिथली वाढ मंदावते आणि मूळ खाली वळतं. कक्षेत कण बसत नाहीत. पण उजेड आणि ओल दिशा देतातच. ‘मूळ तिरकं गेलं’ लिहा.

निपाणीकर : मग मथळा ‘अंतराळात मुगाला मोड’ असाच ठेवा. ‘अंकुरण’ मजकुरात एकदा आलं तरी चालेल.